खाक्यांच्या ग्रुपची राखण

मी चौथीपर्यंत शिकले आणि पंचेचाळीस वर्षं ब्लाउज शिवले. अमरावतीत आमच्या गल्लीत मला शिवणवाली आजी म्हणतात. मशीनवर आता सून बसते, कारण सुईत दोरा ओवायला माझे डोळे साथ देत नाहीत. पण कापायचं काम मी अजून तिच्या हाती दिलेलं नाही. चुकीची शिवण उसवता येते. चुकीचं कापलं की कापड काही पुन्हा वाढत नाही. सून म्हणते, तुमचा माझ्यावर विश्वास नाही. मी म्हणते, नाही. त्यावर भांडण होत नाही, कारण तोवर चहाची वेळ झालेली असते.

मशीनच्या मागे भिंतीत एक मोठा खिळा आहे. त्याला माझे खाके टांगलेले असतात. खाका म्हणजे जाड कागदाचा कापलेला नमुना. पाठीचा वेगळा, पुढच्या भागाचा वेगळा, बाहीचा वेगळा. तो कापडावर ठेवायचा, खडूनं भोवती रेघ मारायची आणि कात्री चालवायची. माझे काही खाके जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे आहेत, काही मिठाईच्या खोक्यांचे. छत्तीस मापाचा खाका तर माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचा आहे, आणि मुलापेक्षा कमी बिघडला आहे.

हे काम मला एका मुसलमान मास्तरांनी शिकवलं. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा आमच्या घरासमोरच त्यांचं दुकान होतं. मी काजं-बटणं करायला जायची. दोन वर्षांनी त्यांनी कात्री हातात दिली. मास्तर खाका नेमका अंगाच्या मापाचा काढत. ब्लाउज शिवताना दोन्ही बाजूंनी थोडं कापड आत दाबावं लागतं, आणि पुढे बाई अंगानं भरली तर सोडायलाही ते कामी येतं. या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. मास्तर ही माया खाक्यात धरत नसत. "बेटी, कागज पे सिर्फ बदन रहेगा," ते म्हणायचे, "बाकी तेरे हाथ को मालूम होना चाहिए." म्हणजे खाक्याभोवती रेघ मारायची आणि त्या रेघेच्या दीड बोट बाहेरून कापायचं. माझा हात आपोआप बाहेरून जातो. हे खाक्यावर लिहून ठेवावं असं मला इतक्या वर्षांत वाटलं नाही. श्वास घ्या, असं कोणी भिंतीवर लिहून ठेवत नाही.

अकोल्याकडे क्लासात वेगळं शिकवतात. तिथल्या बायका माया धरूनच खाका काढतात आणि मग बरोब्बर रेघेवरून कापतात. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. एकीचा खाका दुसरीच्या हाती गेला तरच घोटाळा होतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. अकोल्याला मी लग्नाकार्यापुरती जायची, कोणाच्या खाक्यात डोकावायला नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी सुनेनं मला फोनवरच्या एका ग्रुपात टाकलं. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडच्या शिवणाऱ्या बायकांचा ग्रुप. तिथं खाक्यांच्या फाइली यायच्या. फाइल झेरॉक्सच्या दुकानात नेली की खाका खऱ्या मापात चार-पाच कागदांवर निघतो. कागद चिकटवायचे आणि कापायचे. मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मास्तरांच्या दुकानात खाका घरी न्यायची कोणाची हिंमत नव्हती, आणि इथं लोक फुकट वाटतात. पण मला ते आवडलं. पफ बाहीचा खाका मी तिथूनच घेतला. जे आवडलं ते आवडलं म्हणावं.

ग्रुप सुरू केला होता अकोल्याच्या एका क्लासवाल्या बाईंनी. बाई कडक होत्या. कोणी फुलांचं चित्र टाकलं की काढून टाकायच्या. फाइल आली की विचारायच्या, कोणाची, शिवून पाहिली का. मग मुलीच्या बाळंतपणासाठी त्या परगावी गेल्या, तिकडेच राहिल्या आणि ग्रुपातून निघाल्या. अशा ग्रुपाची मालकीण गेली की फोन स्वतःच कोणाला तरी मालकीण करून टाकतो. ती झाली बडनेऱ्याची एक बाई. ते तिला स्वतःला माहीत नव्हतं. आपल्या नावापुढं काहीतरी लिहून येतं, ते वर्षाचं रिचार्ज मारलं म्हणून येत असेल, असं ती समजत होती.

मग ग्रुपात वाद निघाला. अकोल्याची एक पिको-फॉलवाली म्हणाली, कोणीतरी राखणदार नेमा, कोण काय टाकतं ते बघणारं माणूस पाहिजे. काही जणी हो म्हणाल्या, काही गप्प राहिल्या. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी बोलून पाठवते. मी पाठवलं, "कायले पायजे राखनदार? आपन काय शाळेतल्या पोट्ट्या आहो? जिले जे पायजे ते तिनं घ्यावं, नाई पायजे ते सोडावं." त्यावर इतके अंगठे आले की मी दोन दिवस ते उघडून बघत होते. वाद तिथंच मिटला. म्हणजे मी मिटवला.

त्या हिवाळ्यात कोणीतरी छत्तीसचा साधा, चांगला बसणारा खाका मागितला. मी म्हटलं, माझ्यासारखा कोणाकडे असणार. सुनेनं खाका फरशीवर पसरला, शेजारी टेप ठेवला, फोटो काढले आणि फाइल करून टाकून दिली. माप तंतोतंत उतरलं होतं, तिनं झेरॉक्स काढून मला दाखवलं. मी खाका खाक्यावर ठेवून पाहिला. केसाचा फरक नव्हता. आठ दिवस ग्रुपात आजीचा खाका, आजीचा खाका, एवढंच चाललं होतं. माया धरली आहे की नाही, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

पातूरची एक बाई त्या ग्रुपात होती. मी तिला ओळखत नव्हते. तिनं त्याच अकोल्याच्या बाईंकडे सहा महिने क्लास केला होता आणि घरी परकर, फॉल, पोरींचे फ्रॉक असं काम करत होती. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडची एक आत्या साखरपुड्यात बोलून गेली की सहा महिन्यांच्या क्लासात काय येतं, ब्लाउज अकोल्याहून शिवून आणा. तेव्हा या बाईनं सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या लेकीचे पाचही ब्लाउज मीच शिवणार. बोलून बसली ती बसली. आता ते चांगले होणं भाग होतं.

पाच साड्या, पाच ब्लाउजपीस, आणि सगळे साडीतलेच, म्हणजे बिघडले तर बाजारात दुसरं कापड मिळणार नाही. बौद्ध घरचं लग्न, त्यामुळे विधीला पांढरी साडी, आणि तिचा ब्लाउज सगळ्यात महत्त्वाचा. बाईनं माझा खाका काढला. मुलगी छत्तीसचीच. घरात पाहुणे येऊन राहिले होते, वेळ कमी होता, म्हणून तिनं पाचही कापडं एकावर एक ठेवली, टाचण्या लावल्या आणि एकदाच कापली. मी असं कधी करत नाही. एक शिवून अंगावर घालून पाहिल्याशिवाय दुसरं कापू नये. पण तिनं विचार केला की खाका अमरावतीच्या आजीचा आहे, पंचेचाळीस वर्षांचा आहे, आता यात काय बघायचं. आणि तिला क्लासात शिकवलं होतं तशी ती कापत गेली. रेघेवरून. इकडेतिकडे सूतभर नाही.

आधी पांढरा शिवला. मुलीनं घातला तर हूक आणि काज तीन बोटं लांब राहिले. बाजूनं सोडायला आत कापडच नव्हतं.

हे मला तीन दिवसांनी कळलं, आणि कसं कळलं तेही सांगते. सकाळी मी फोन उघडला तो माझ्या खाक्यावर अजून कोणी काही चांगलं लिहिलं का ते बघायला. वर सरकवत गेले. उगवता सूर्य होता. ज्वारीच्या बिबड्यांचं, म्हणजे पापडांचं, प्रमाण होतं. केस गळतात त्यावर एक लांबलचक मजकूर होता. कोणीतरी नाव न लिहिता एक फाइल टाकली होती, ती कशाची आहे ते तीन जणी विचारत होत्या. आणि या सगळ्याच्या मधूनमधून त्या पातूरच्या बाईचा प्रश्न होता. पहिल्यांदा खाटेवर पसरलेल्या पांढऱ्या ब्लाउजचा फोटो आणि खाली, आजी, माझं काय चुकलं? एकीनं उत्तर दिलं होतं, कापड आटलं असेल. दुसरीनं लिहिलं होतं, इस्त्री करताना ओढून घ्या. तिसरीनं सल्ला दिला होता की पोरीचं आठ दिवस संध्याकाळचं जेवण बंद करा. मग पुन्हा फुलं, पुन्हा सूर्य. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. चौथ्यांदा नुसतं, आजी?

फोटोत शिवणीच्या आत कापडाची जेमतेम कड दिसत होती. मला लगेच समजलं. सुनेनं चहा ठेवला होता, तो गार झाला.

मी फोन लावला. पाचही कापलेत का विचारलं. पाचही, म्हणाली. लग्न कधी? सहा दिवसांनी. आवाज रडका नव्हता, तिचं रडून झालेलं होतं. मी तिला म्हटलं, "साड्या जवळ ठेव. कोनालेच फॉल लावाले देऊ नको. मी येतो उद्या."

सून म्हणाली, या वयात कुठं जाता, व्हिडिओवर दाखवा. मी म्हटलं, व्हिडिओतून कात्री जात नाही. कात्री टॉवेलात गुंडाळली, खडू, टेप आणि चार किलो संत्री घेतली. बडनेऱ्याहून सकाळची गाडी पकडली. अकोल्याला उतरले, स्टँडवर जाऊन एक कचोरी खाल्ली, ती बरी होती, आणि पातूरची एसटी धरली. वाटेत मी एकच गोष्ट मनात घोळवत होते की तिनं साडीचं खोचायचं टोक कापून परकराला लावलेलं नसावं. काही बायका लावतात.

घर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. बाई चाळिशीची, बारीक. पुढं येऊन तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मी बसायच्या आत म्हणाली, "आजी, म्या रेघेवरूनच कापलं."

"तेच चुकलं," मी म्हटलं. "माहा खाका रेघेच्या बाहेरून कापाचा असते. त्यात माया धरेल नाई."

तिनं कागदाचा खाका आणून माझ्यापुढं ठेवला. "तसं लिहेल कुठी होतं?"

"नव्हतं लिहेल."

माझी माफी तेवढीच. तिनं ती घेतली की ठेवली, मला कळलं नाही. ती उठून चहा ठेवायला गेली. चहा ठेवताना पाठमोरीच म्हणाली, "खाक्याचं जाऊ द्या. मी तीन दिवस विचारून राहिली होती. इतक्या बाया हायेत तठी, पन मले कोनी वाचलंच नाई."

राखणदार कायले पायजे, हे विचारणारी मीच होते.

मुलगी कॉलेजातून आली. उंच, मोकळी, आईपेक्षा दीडपट. मला म्हणाली, "तुमीच का त्या आजी? मले वाटलं लय मोठ्या असान." मी म्हटलं, जेवढी आहे तेवढीच. मग मी तिला तो पांढरा ब्लाउज घालून उभी केली आणि दोन्ही हात वर करायला लावले. काखेतून कापड असं ताणलं की टाके कुरकुरले. ती म्हणाली, "आजी, वरातीत मले नाचाचं हाय. हात वर झाले पायजेत. फोटोपुरता ब्लाउज मले नाई पायजे." मला पोरगी आवडली. काय पाहिजे ते माहीत असलेलं गिऱ्हाईक बरं असतं.

रंगीत चार ब्लाउजांचं फार कठीण नव्हतं. काखेपासून खाली दोन्ही बाजूंना पट्टी लावायची आणि काखेत चौकोनी तुकडा बसवायचा. रंगीत कापडात जरा वेगळ्या रंगाची पट्टी मुद्दाम लावल्यासारखी दिसते. अडचण पांढऱ्याची होती. लोकांना वाटतं पांढरं म्हणजे पांढरं. तसं नसतं. एक दुधासारखं असतं, एक निळसर मारतं, एक पिवळट. दुकानातून आणलेलं पांढरं त्या ब्लाउजला लावलं असतं तर मांडवातल्या दिव्याखाली पट्टी लांबून दिसली असती, आणि सगळ्यात आधी त्या आत्याला दिसली असती.

मी म्हटलं, साडी आण. खोचायच्या टोकाकडून एक वीत कापू.

बाई साडी घेऊन आली आणि पोटाशी धरून उभी राहिली. ब्लाउज बिघडला होता, आता साडीलाही कात्री लावायची म्हणजे उरलेलंही हातातून जाणार, असं तिला वाटत होतं. मला ते समजत होतं. मी तिला समजावत बसले नाही. समजावून कोणाचा हात मोकळा होत नाही. मुलगीच म्हणाली, "काप न वं आई. कमरेत खोचेल कोन पायते?"

मी कात्री बाईच्या हातात दिली. ती म्हणाली, तुम्ही कापा. मी म्हटलं, मी कापलं तर पुढं तू कधीच कापणार नाहीस. तिनं साडी जमिनीवर पसरली. मी पट्टीची रेघ मारून दिली. कात्री लावायच्या आधी ती थांबली आणि वर बघून तिनं विचारलं, "ही रेघ अंगाची, का कापडाची?"

"अंगाची."

तिनं रेघेच्या बाहेर दीड बोट मोजलं, खडूनं दुसरी रेघ मारली आणि कापलं. हात सरळ होता. क्लासवाल्या बाईंनी तिला चांगलं शिकवलं होतं.

दोन दिवस मी तिथं राहिले. मी कापायचे आणि टाचायचे, ती मशीनवर बसायची. पाहुण्या बायका येऊन बघून जायच्या. एक जण म्हणाली, अमरावतीहून माणूस बोलावलं वाटते. बाई मशीन न थांबवता म्हणाली, "बोलावलं नाई. त्याईच्यामुळंच झालं, त्याच आल्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. खरं होतं ते. जेवायला वांग्याची भाजी, भाकर आणि ठेचा. ठेचा माझ्या दातांना नाही, पण पोटाला चालतो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचवा ब्लाउज झाला. मुलीनं एकेक घालून दोन्ही हात वर केले आणि खोलीत गिरकी मारली. कुठं काही कुरकुरलं नाही. मी कात्री टॉवेलात गुंडाळली.

लग्नाला थांबा म्हणाल्या, पण मी थांबले नाही. परक्या घरी झोप लागत नाही. लग्नानंतर बाईनं वरातीतला फोटो पाठवला. मुलगी दोन्ही हात वर करून नाचत होती. सून म्हणाली, किती छान दिसते. मी आधी काख पाहिली. शिवण जागच्या जागी होती. मग चेहरा पाहिला. आत्याचं काय झालं म्हणून मी फोन करून मुद्दाम विचारलं. आत्यानं म्हणे ब्लाउज कोणाकडं शिवला ते विचारलं, आणि स्वतःच्या दोन ब्लाउजांची मापं देऊन गेली.

इथपर्यंत सगळं चांगलं झालं. पण पातूरहून परतीच्या गाडीत बसल्यापासून माझ्या डोक्यात ग्रुपच होता. खाक्याची चूक माझ्या एकटीची नव्हती. क्लासवाल्या बाई असत्या तर पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं असतं, आजी, यात माया आहे का? एका प्रश्नाचं काम होतं. तो विचारायचं काम कोणाचंच नव्हतं, म्हणून तो कोणीच विचारला नाही. सगळ्यांनी अंगठे दिले. आणि अंगठे देणाऱ्यांत ज्यांनी तो खाका कापून पाहिला अशी एकही नव्हती. मी नंतर एकेकीला विचारलं. सगळ्यांनी फाइल ठेवून दिली होती, पुढं लागेल म्हणून.

मी ग्रुपात बोलून पाठवलं. नीट आठवतं, कारण सूनबाईनं ते मला तीनदा ऐकवलं. मी म्हटलं, "राखनदार नको असं म्याच म्हनलं होतं. माहं चुकलं. खाक्यात माया नव्हती हे म्या सांगतलं नाई, आन तुमी कोनी इचारलं नाई. आता इचारनारं कोनी पायजे. पातूरवालीले करा. कापड तिचं गेलं होतं, तिले माहीत हाय काय इचाराचं ते."

दुपारी अकोल्याची एक जुनी शिवणारी, वीस-पंचवीस वर्षं दुकान चालवणारी, म्हणाली की काल शिकलेली बाई आमचे खाके तपासणार का? मला हे वाटलंच होतं. मी म्हटलं, "माहा बी तपासू दे पयले. तुमचा माह्यापेक्षा जुना हाय काय?" ती दोन दिवसांनी ग्रुपातून निघून गेली. जाऊ द्या म्हटलं. बडनेऱ्याच्या बाईला तेव्हा कुठं कळलं की इतके दिवस मालकीण तीच होती. कोणती बटणं दाबून मालकी पातूरला द्यायची, हे तिला तिच्या जावयानं दाखवलं. ती म्हणाली, मला आधी सांगितलं असतं तर मी मिरवलं तरी असतं.

पातूरवाली आधी नाही म्हणत होती. मला फोन करून म्हणाली, मला भांडता येत नाही. मी म्हटलं, भांडायचं नाही, विचारायचं. मग तिनं स्वतःची रीत बसवली. फाइल कोणीही थेट टाकायची नाही, आधी तिच्याकडे पाठवायची. ती जुन्या चादरीतून तो खाका कापते, शिवते, आणि मग ग्रुपात टाकते. सोबत लिहिते की माप कोणतं, माया धरली की नाही, आणि ज्या बाईचं काम आहे ती कुठली. प्रश्न आला तर संध्याकाळपर्यंत ती कोणाला तरी उत्तर द्यायला लावतेच. सूर्य आणि फुलं ती काढून टाकते, पण बिबड्यांचं प्रमाण राहू दिलं. मी विचारलं कावून, तर म्हणाली, ते बरोबर होतं, मी करून पाहिलं.

ग्रुपात आता पूर्वीसारखी वर्दळ नाही. महिन्याला चार-पाच खाके येतात. काही बायकांना ते बेचव वाटतं. एकीनं मला फोन करून सांगितलं, आजी, मजा गेली. मला फारशी गेल्यासारखी वाटत नाही, पण तिची गेली असेल. आणि हेही खरं की सगळं एका बाईच्या हाती गेलं म्हणजे तिचं चुकलं तर कोण बघणार, हा प्रश्न राहतोच. मी तो तिला विचारला. ती म्हणाली, तुम्ही आहात ना. दिवाळीच्या आधी ती अकोल्याची दुकानवाली परत आली. बोट-नेक गळ्याचा खाका पाहिजे होता. तिनं खाका घेतला, आणि आठ दिवसांनी स्वतःचा एक पाठवला. माया धरली आहे, असं वर मोठ्या अक्षरात लिहून.

मागच्या महिन्यात मला वाटलं, आपणही आता एखादा पाठवावा. नातीसाठी केलेला परकर-पोलक्याचा खाका होता, फार सुरेख बसलेला. सुनेनं फाइल केली, मी पातूरला पाठवली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. खाली एकच ओळ. आजी, बाहीवर माया लिहिली नाही.

मी खाका काढून पाहिला. पाठीवर लिहिलं होतं, पुढच्या भागावर लिहिलं होतं, बाहीवर नव्हतं. सून हसत होती. मी तिला म्हटलं, हसू नको, स्केचपेन आण. मग खिळ्यावरचे सगळेच खाके खाली उतरवले, बत्तीसपासून चव्वेचाळीसपर्यंत, आणि एकेकावर लिहायला बसले. माझं अक्षर मोठं आहे, छत्तीसच्या बाहीवर जेमतेम मावलं. लिहून झाल्यावर पुन्हा टांगले, आणि पोलक्याच्या बाहीचा फोटो काढून पातूरला पाठवून दिला.